विमानतळ परिसरातील उंची-निर्बंध

विमानांचे उड्डाण व अवतरण निर्धोक व्हावे, म्हणून विमानतळाभोवतालच्या जमिनींवरील इमारती, धुराडी, मनोरे, विजेचे खांब, झाडे इत्यादींच्या उंचीवर कायद्याने घातलेल्या मर्यादा. या मर्यादांमागील कायद्याचा वाद प्रथम मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लढला गेला आणि नगरपालिकांच्या लहान विमानतळांच्या संदर्भात तो विशेष स्पष्टपणे दिसतो. विमानाला केवळ धावपट्टीपुरती जमीन पुरत नाही. पट्टीच्या टोकापासून तिरकस चढत जाणारा मोकळा अवकाशही लागतो. हा अवकाश बहुधा दुसऱ्याच्या शेतांवरून व घरांवरून जातो, कित्येकदा शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरतो. तेथील जमीन विकत घेण्याइतका पैसा लहान नगरपालिकेजवळ नसतो आणि हद्दीबाहेर नियम करण्याचा अधिकारही सामान्यतः नसतो.

ज्याची जमीन, त्याचीच मालकी वर आकाशापर्यंत व खाली पाताळापर्यंत, हे तत्त्व इंग्रजी कायद्यात दीर्घकाळ प्रमाण मानले जाई. विमानोड्डाण सुरू होताच ते अडचणीचे ठरले. १९१९ च्या पॅरिस करारान्वये प्रत्येक राष्ट्राचे आपल्या प्रदेशावरील आकाशावर सार्वभौमत्व मान्य झाले; मात्र राष्ट्र आणि जमीनमालक यांच्यातील प्रश्न तसाच राहिला. अमेरिकेत १९२६ च्या हवाई वाणिज्य अधिनियमाने किमान सुरक्षित उंचीवरील आकाश वाहतुकीस खुले केले; परंतु विमानतळ बांधण्याचे काम बंदरांतील धक्क्यांप्रमाणे स्थानिक संस्थांवरच सोपविले. त्याच वर्षी ओहायओ राज्यातील यूक्लिड या गावाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्षेत्रविभागणी, म्हणजे गावाचे भाग पाडून जमिनीचा वापर व बांधकाम यांवर घातलेली बंधने, वैध ठरविली. इमारतींच्या उंचीवरील बंधने तर बॉस्टनच्या बाबतीत १९०९ मध्येच मान्य झाली होती. नगरपालिकांच्या हाती साधन आले, ते असे. बॉस्टनमधील बंधन त्या वस्तीच्याच हितासाठी होते. विमानतळाभोवतीच्या बंधनाचा लाभ मात्र शेजारच्या धावपट्टीस होतो. पुढील सर्व वादाचे मूळ या भेदात आहे.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरोनजीकच्या नगरपालिका विमानतळाचे उदाहरण या दृष्टीने मूलगामी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, संघीय शासनाने हा विमानतळ भाडेपट्ट्याने घेतला व तेथे लष्करी विमानांची ये-जा सुरू झाली. पट्टीच्या टोकापासून सु. ६७७ मी. अंतरावर कॉझ्बी कुटुंबाची २·८ एकर जमीन होती व तीवर त्यांचा कोंबड्या पाळण्याचा व्यवसाय चाले. संमत अवतरणमार्ग या जमिनीवरून ८३ फुटांवर (सु. २५ मी.), घरावरून ६७ फुटांवर आणि सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावरून अवघ्या १८ फुटांवर जात असे. आवाजाने व रात्रीच्या प्रखर दिव्यांनी घाबरून कोंबड्या भिंतींवर आदळत, अशा सु. १५० कोंबड्या मेल्या. व्यवसाय बंद पडला, घरातील माणसांची झोप उडाली. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी आकाशापर्यंतच्या मालकीचे जुने तत्त्व आधुनिक काळात टिकणारे नाही, असे म्हटले. परंतु जमिनीलगतच्या अवकाशावर मालकाचा ताबा नसेल, तर घर बांधता येणार नाही, झाड लावता येणार नाही, कुंपणही घालता येणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. इतक्या खालून व इतक्या वारंवार होणारी उड्डाणे म्हणजे जमिनीवरील सुविधाधिकार घेणेच होय व त्याची भरपाई दिली पाहिजे, असा या निर्णयाचा आशय होता. हा खटला प्रत्यक्ष उड्डाणांचा होता, उंची-निर्बंधाचा नव्हे. पण निर्बंधांची पुढील चर्चा त्यास वगळून होऊच शकली नाही.

त्याच वर्षीच्या संघीय विमानतळ अधिनियमाने नगरपालिकांना अनुदान देऊ केले आणि त्या बदल्यात अवतरणमार्ग मोकळा राखण्याची हमी मागितली. राज्यांनी विमानतळ-क्षेत्रविभागणीचे कायदे करावेत म्हणून नमुना-अधिनियमही तयार झाला होता. निर्बंधांची तांत्रिक बाजू काल्पनिक पृष्ठांच्या साहाय्याने मांडली जाते. हलक्या विमानांच्या साध्या धावपट्टीसाठी अमेरिकी नियमांत पट्टीच्या टोकापलीकडे २०० फुटांवर सुरू होणारे उपगमनपृष्ठ दर २० फुटांस १ फूट चढते. म्हणजे तेथून १,००० फुटांवर बांधकामास ५० फुटांपर्यंतच मुभा राहते. विमानतळाच्या पातळीपेक्षा १५० फूट उंचीवर एक आडवे पृष्ठ सभोवार पसरलेले मानतात व त्याच्या कडेपासून शंक्वाकार पृष्ठ वर चढत जाते. उपकरणांच्या साहाय्याने अचूक अवतरण होत असेल, तर उपगमनपृष्ठाचा चढ ५० फुटांस १ फूट इतका मंद धरतात व निर्बंध कित्येक किमी. दूरवर पोहोचतो.

राज्यांच्या न्यायालयांचे याविषयी एकमत झाले नाही. फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सारासोटा-मॅनाटी विमानतळाभोवतीची उंची-मर्यादा उचलून धरली. १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या विमानतळाविषयीच्या ग्रिग्ज खटल्यात, जेथे अवतरणमार्गाचा तळ व घराचे धुराडे यांत केवळ ११·३६ फुटांचे अंतर होते, भरपाईचा भार संघीय शासनावर न पडता विमानतळाचा मालक असलेल्या काउंटीवर पडला. मार्ग संघीय नियमांनी आखलेला व भरपाई स्थानिक संस्थेची, ही विसंगती न्यायमूर्ती ब्लॅक यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत दाखविली होती आणि ती रास्तच म्हटली पाहिजे. १९६३ मध्ये इंडियाना राज्यातील गॅरी येथील नगरपालिका विमानतळाचा निकाल उलट दिशेने लागला. तेथे उंची-मर्यादेत अडथळा आणणारे बांधकाम खाजगी मालकाचे नसून राज्याच्या टोलरस्त्याचे होते. विमानतळ चालविणाऱ्यांनी नुकसानभरपाई मागितली. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेचा नियमच, भरपाईवाचून जमिनीवरील अवकाश घेणारा म्हणून, रद्दबातल ठरविला. १९६५ मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल राज्याच्या संविधानावरही आधारलेला असल्याने, त्यात हात घातला नाही. नेव्हाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लास व्हेगसविषयीच्या सिसोलॅक खटल्यात याच दिशेने निर्णय देऊन जमीनमालकास ६५ लाख डॉलरची भरपाई मान्य केली. एवढी रक्कम लहान नगरपालिकेला झेपणारी नव्हे.

संघीय विमानोड्डाण प्रशासन एखादे बांधकाम धोकादायक असल्याचे जाहीर करू शकते, थांबवू शकत नाही. थांबविण्याचा अधिकार राज्ये व स्थानिक संस्था यांच्याकडेच राहिला. सॅन डिएगो शहराच्या माँटगोमेरी विमानतळाजवळ १८० फूट उंचीची कार्यालयीन इमारत उभी राहिली, तेव्हा ती १६० फुटांपेक्षा उंच नसावी, असे प्रशासनाचे मत होते. विमानतळाचे मालक व बांधकामाचा परवाना देणारे शहर एकच असूनही हे घडले. वाद न्यायालयात गेला व २००७ मध्ये वरचा भाग काढून इमारत १६० फुटांवर आणण्यात आली.

भारतात विमानवाहतूक हा संघसूचीतील विषय असल्याने प्रश्नाची मांडणी वेगळी आहे. १९३४ च्या विमान अधिनियमात १९७२ मध्ये कलम ९-अ घालण्यात येऊन, विमानतळापासून २० किमी.पर्यंतच्या परिसरात इमारती व झाडे यांची उंची ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. सोबत भरपाईची तरतूदही केली गेली. सध्याचे नियम २०१५ चे असून मूळ अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे. विमानतळ प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या रंगीत नकाशांवरून कोणत्या भागात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्थेने थेट परवानगी द्यावी व केव्हा प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागावे, हे ठरते. मुंबईत सांताक्रूझच्या विमानतळाभोवती व १९२८ पासूनच्या जुहू विमानतळाभोवती दाट वस्ती वाढत गेली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांताक्रूझच्या विमानतळाजवळील ४८ इमारतींच्या मर्यादेबाहेरील भागांवर कारवाई करण्याचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांस दिले.