शव नौली करत नाही: शरीर पुरावा कसं होतं?

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. वैद्यकाचा विद्यार्थी स्नायू नीट बघतो तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. पण शव हालत नाही. मग आकसणारा स्नायू आतल्या अवयवांचं काय करतो, हे कसं कळणार?

शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी (१८८३–१९६६) हाच प्रश्न धरला. बडोद्यात ते राजरत्न माणिकरावांकडे व्यायाम शिकले होते. म्हणजे शरीर आधी अंगमेहनतीतून कळलं, प्रयोगशाळा नंतर आली. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौलीचा क्ष-किरणांखाली अभ्यास केला, मोठ्या आतड्यातला दाब मोजला. नौलीत पोटाचे दोन उभे स्नायू पुढे येतात, तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं दिसलं. बस्तीत पाणी वर का ओढलं जातं, याचं उत्तर त्यातच होतं. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं.

संशोधनाची तयारी करताना इथं जरा थांबा. मोजमाप यंत्राचं, नाव गुरूचं. तेवढ्यानं प्रयोग खोटा ठरत नाही. पण प्रश्न कोणी आणि कशासाठी विचारला, हे आपल्याला लिहावंच लागतं. दुसरं म्हणजे, नौली करणारा माणूस इथं नुसता नमुना नव्हता. त्याला ते स्नायू वेगळे काढता येत होते, म्हणून तर मोजता आलं. त्याचं कौशल्य हाही उपकरणाचाच भाग. असा माणूस तुमच्या कागदपत्रांत कुठं दिसतो, ते आधी बघा.