जेम्स टिप्ट्री ज्युनिअर

* नाव पुरुषाचे असले तरी या नावाने आलेले लेखन ॲलिस ब्रॅडली शेल्डन (१९१५–१९८७) या अमेरिकन लेखिकेचे. दुसऱ्या महायुद्धात हवाई छायाचित्रांवरून शत्रूची माहिती काढण्याचे काम, मग काही वर्षे सीआयए, १९६७ मध्ये मानसशास्त्रातली डॉक्टरेट. विज्ञानकथा छापून येऊ लागल्या त्या पन्नाशी उलटल्यावर, १९६८ पासून. ‘टिप्ट्री’ हे आडनाव त्यांनी मार्मालेडच्या बरणीवरून उचलले होते. संपादकांशी व्यवहार केवळ पत्राने होई. १९७५ मध्ये विज्ञानकथालेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी टिप्ट्रींच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत, हे लेखन बाईचे असूच शकत नाही, असे ठासून लिहिले. त्याच संग्रहात ‘द विमेन मेन डोन्ट सी’ (१९७३) ही कथा आहे. युकातानच्या किनाऱ्यावर विमान कोसळते. सरकारी कचेरीत काम करणारी रूथ पार्सन्स आणि तिची मुलगी परग्रहवासीयांबरोबर निघून जाणे पसंत करतात. पृथ्वीवरच्या पुरुषी जगात तरी त्यांना कुठे आपले घर होते! निवेदक मात्र पुरुष आहे. सगळे त्याच्या डोळ्यांदेखत घडते आणि त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. स्त्रीवादी विज्ञानकथेत याहून धारदार निवेदन आमच्या वाचनात नाही. शेल्डन यांच्या आईच्या मृत्युलेखातील तपशिलांवरून चाहत्यांनी माग काढला आणि १९७७ पर्यंत खरे नाव सर्वांना कळले. ‘द स्क्रूफ्लाय सोल्यूशन’ (१९७७) ही स्त्रीहत्येच्या साथीची भेदक कथा त्यांनी रकूना शेल्डन या दुसऱ्या टोपणनावाने लिहिली.