कालचें गाणें, कालचें हंसूं

'आमच्या वेळचीं गाणीं तीं गाणीं. आतां उरला तो नुसता गोंगाट,' असा अभिप्राय वडील मंडळींच्या तोंडून घरोघर ऐकूं येतो. पाठोपाठ दूरदर्शनवरील जुन्या विनोदाची आठवण निघते, आणि हल्लींच्या मुलांचें बाळपण कसें नीरस झालें आहे, या उद्गारानें चर्चा संपते. हा अभिप्राय प्रांजळ असतो यांत संशय नाहीं. तथापि त्यालाहि एक इतिहास आहे, आणि तो पाहिला असतां निवाडा देण्यापूर्वीं थोडें थांबावेंसें वाटतें.

भावगीताचेंच उदाहरण घ्यावें. १९३० नंतरच्या दशकांत जी. एन. जोशी यांनीं गाइलेली ना. घ. देशपांडे यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' ही कविता ध्वनिमुद्रिकेवर आली आणि लोकप्रिय झाली. त्या मुद्रिकेच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. बालगंधर्वांच्या नाटकांस रात्र रात्र जागलेल्या रसिकांस हा प्रकार तोकडा वाटला तर नवल नव्हतें. परंतु पुढल्या पिढीनें त्याच भावगीतास उराशीं धरलें, आणि मग नव्या गाण्यास नांवें ठेवण्यासाठीं तेंच माप म्हणून वापरूं लागली.

नभोवाणीची कथा याहून बोधप्रद आहे. १९४० सालीं पेटीसारख्या वाद्यास नभोवाणीवर बंदी झाली. तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाहीं व सूक्ष्म श्रुति वाजत नाहींत, हा तिच्यावर मोठा आक्षेप. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. दरम्यान १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या खात्याचे मंत्री झाले. ते मूळचे पुण्याचे व शास्त्रोक्त संगीताचे कट्टे पुरस्कर्ते. सिनेमाच्या गाण्यांनीं लोकांची अभिरुचि बिघडते, अशी त्यांची धारणा असल्यामुळें तीं गाणीं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालीं. लोकांनीं काय केलें? रेडिओचा कांटा सिलोनकडे फिरविला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अमीन सयानी यांचा आवाज घरांतील माणसाच्या आवाजाइतका ओळखीचा झाला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारनेंच 'विविध भारती' सुरू केली व सिनेमाच्या गाण्यांस मानानें परत घेतलें. ज्या गाण्यांस आज सुवर्णयुगाचा मान मिळतो, तींच त्या वेळीं अभिरुचीचे शत्रु ठरलीं होतीं!

केसकरांची बाजू अगदींच पोकळ होती, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. त्यांच्याच कारकीर्दींत शास्त्रोक्त संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच काळांत, १ एप्रिल १९५५ रोजीं, पुणें केंद्रानें 'गीतरामायणा'स आरंभ केला. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली यांनीं नटलेलीं छप्पन्न गीतें आठवड्यास एक याप्रमाणें वर्षभर प्रसृत झालीं. चांगलें द्यावें, हा आग्रह योग्यच होता. चूक झाली ती दुसरें कांहीं ऐकूंच देऊं नये या हट्टांत.

विनोदाची गोष्टहि निराळी नाहीं. मुंबई केंद्रावरून दूरदर्शनचें प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. चित्रें काळीं-पांढरीं, आणि कार्यक्रम मोजके. तेवढ्यांत 'गजरा' लोकांस आवडला, आणि 'चिमणराव' मालिकेंत दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ पाहण्यास ज्यांच्या घरीं संच असे त्यांच्याकडे शेजारपाजार जमे. त्या काळचीं मुलें आज साठीकडे झुकलीं आहेत किंवा ती ओलांडून गेलीं आहेत, आणि तो विनोद आपल्या बाळपणाचा म्हणून सांगतात. परंतु चिं. वि. जोशी यांनीं चिमणराव निर्मिला तो याच्या कितीतरी आधीं. १९४० सालच्या 'लग्न पहावें करून' या चित्रपटांतहि तो येऊन गेला होता. म्हणजे नातवाच्या बाळपणाचा तो ठेवा वस्तुतः आजोबांच्याच हंसण्याचा होता.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली अशी कीं, काळाची चाळणी टाकाऊ गाळून टाकते आणि टिकाऊ तेवढें ठेवते. जुन्या काळींहि रटाळ गाणीं व ओढूनताणून केलेले विनोद पुष्कळ झाले; ते विसरले गेले. म्हणून कालचें निवडक आणि आजचें सरसकट यांची तुलना न्याय्य ठरत नाहीं. शिवाय वयाच्या पंधरा-वीस वर्षांपर्यंत कानीं पडलेलें गाणें मनांत जसें रुजतें, तसें पुढें सहसा रुजत नाहीं. त्या गाण्याच्या गोडींत ऐकणाराच्या तारुण्याचाहि वांटा असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हरवलें आहे तें गाणें नव्हे. हरवलें आहे तें एकत्र ऐकणें. रेडिओ घरांत एकच, त्यालाहि परवाना लागे. दूरदर्शनची वाहिनी बराच काळ एकच. त्यामुळें आजी, वडील आणि शाळकरी पोर हीं एकाच वेळीं एकच गोष्ट ऐकत व पाहत. थोर माणसें कशास हंसतात आणि कोणत्या ओळीशीं त्यांचे डोळे भरून येतात, हें मूल न शिकवतां शिकत असे. १९९२ च्या सुमारास उपग्रह वाहिन्या आल्या, नंतर हातोहातीं मोबाईल आले, आणि एकाच घरांत ज्याचें त्याचें गाणें ज्याच्या त्याच्या कानांत वाजूं लागलें.

ही हानि मात्र खरी आहे. पण ती मुलांस दूषणें दिल्यानें भरून निघणारी नाहीं. नातवाच्या कानांतलें गाणें आजोबांनीं एकदां मागून घ्यावें, शेवटपर्यंत ऐकावें, आणि मग आपलें एक त्यास ऐकवावें. नातवास तें आवडेलच असें नाहीं. तरी तेवढा वेळ दोघे एकच गाणें ऐकत बसलेले असतील, आणि जुन्या काळांतील जें जपण्याजोगें होतें, तें नेमकें एवढेंच होतें.