बसगाडीचा मार्ग : नागाव आणि मुंबई

अलिबागहून रेवदंड्यास जाणारी सडक आक्षी, नागाव, चौल अशी गावे एका माळेत ओवीत जाते. एका अंगास नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समुद्र, दुसऱ्या अंगास शेते व डोंगर. बसगाडी कोठून न्यावी, हा प्रश्न येथे निसर्गानेच निकालात काढून ठेविला आहे. नागावकर वाडीतून सडकेवर आला की त्याची गाडी एक तर अलिबागेकडे जावयाची, नाही तर रेवदंड्याकडे.

हाच नागावकर रेवसहून जलमार्गाने भाऊच्या धक्क्यावर उतरला, म्हणजे मात्र त्याच्यापुढे अनेक वाटा फुटत. मुंबईही मुळात दक्षिणोत्तर चिंचोळीच. परंतु तेथे वस्ती दाट आणि ट्राम १८७४ पासून रुळांवर बसलेली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, ती ट्रामच्याच कंपनीची. बसला रूळ नकोत. चुकलेला मार्ग ती उद्या बदलू शकते. हा तिचा मोठा गुण. तथापि ससून डॉक ते दादर या प्रवासास ट्राम दीड आणा घेई, तर बस चार आणे! नकाशावर रेघ दारावरून गेली, तरी गिरणीकामगाराच्या दृष्टीने तो मार्ग असून नसल्यासारखाच होता.

१९३४ मध्ये सरकारच्या सूचनेवरून बस शहराच्या उत्तर भागात गेली. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी मोजक्याच थांब्यांची ‘लिमिटेड’ गाडी निघाली. दूरच्या उतारूचा वेळ वाचला. मधल्यास ती समोरून निघून जाताना पाहणे आले. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय, हा पेच कोणत्याही आखणीत सुटत नाही.

७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने कारभार हाती घेतला, तेव्हा २३ मार्गांवर २४२ गाड्या होत्या व दररोज २ लक्ष ३८ हजार उतारू नेत. म्हणजे एका मार्गास सरासरी दहा गाड्या. प्रत्येक पेठेच्या मागणीस मान देऊन मार्ग दुप्पट केले असते, तर वाट्यास पाचच येत्या आणि थांब्यावरचा खोळंबा दुप्पट होता. म्हणून मार्ग थोडे, गाड्या वरचेवर, आणि मध्ये एकदा गाडी बदलावयाची, ही व्यवस्था पुष्कळदा हिताची ठरते. मात्र दुसऱ्या गाडीस पुन्हा तिकीट काढावे लागले की गरिबाचा हिशेब कोलमडतो.

३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली आणि तिचे उतारू बसच्या रांगेत येऊन उभे राहिले.