तांबडा पाऊस आणि कोल्हापूरचा सुपुत्र

"सर, आकाशातून रक्ताचा पाऊस पडतो का?" वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले आणि सारा वर्ग हसला. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याला इतिहास आहे.

२५ जुलै २००१ रोजी केरळातील कोट्टायम जिल्ह्यात चंगनाशेरी येथे तांबडा पाऊस पडला. सप्टेंबरपर्यंत तो अधूनमधून पडतच राहिला. हा रंग त्या भागात झाडांवर वाढणाऱ्या ट्रेंटेपोहलिया नावाच्या शेवाळाच्या बीजाणूंचा आहे, असा निर्वाळा शासकीय संस्थांच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी दिला. मात्र इतके बीजाणू एकाच वेळी ढगांत कसे पोहोचले, हे त्यांना सांगता आले नाही. नेमक्या याच ठिकाणी वाद उभा राहिला. कोट्टायमचे संशोधक गॉडफ्रे लुई व संतोष कुमार यांनी, हे उल्केतून आलेले पृथ्वीबाहेरील जीव असावेत, असे २००६ साली मांडले. जगभर खळबळ उडाली. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत ते शेवाळच ठरले.

आता आपल्या गावाकडे वळू. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. जीवसृष्टीचे बीज अवकाशातून आले, असे मानणारे फ्रेड हॉईल हे केंब्रिजमधील त्यांचे गुरू. त्यांचे म्हणणे पडताळण्यासाठी नारळीकर व सहकाऱ्यांनी २००१ व २००५ साली हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा केली. २००५ चे नमुने हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले. तीन नव्या जातींचे जीवाणू सापडले. त्यांपैकी एकाला हॉईल यांचे, दुसऱ्याला आर्यभटाचे नाव मिळाले.

गुरूचे मत खरे ठरावे, असे कोणत्या शिष्याला वाटणार नाही? तरीही हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आल्याचे यावरून निश्चित सिद्ध होत नाही, असेच २००९ साली जाहीर करण्यात आले. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. हा प्रश्न अद्याप खुलाच आहे.

पालकहो, मुलाने विचित्र प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. विद्यार्थी मित्रहो, ऐकीव गोष्टीवर चटकन विश्वास ठेवू नका, चटकन हसूही नका. पुरावा मागा, आणि पुरावा अपुरा असेल तर "अजून ठाऊक नाही" असे म्हणण्याची लाज बाळगू नका. विद्येची सुरुवात तेथूनच होते.