चित्रा, खलिजिया आणि हौशी होड्या

मूळ गाव नरडाणा. त्यामुळे लहानपणी मोठं पाणी म्हणजे सावळद्याच्या पुलावरून दिसणारी तापी, बस्स! पण समुद्रात तेल सांडलं तर हौसेच्या होड्यांचं काय होत असेल, हा प्रश्न मागच्या आठवड्यात डोक्यात शिरला आणि अख्खा वीकेंड त्यात गेला. उत्तराला लांब जायची गरज नाही, आपल्या मुंबईतच घडलंय.

७ ऑगस्ट २०१०, शनिवार सकाळ. न्हावाशेव्याहून निघालेलं 'एमएससी चित्रा' आणि बंदरात येणारं 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली. चित्रावर सुमारे १,२०० कंटेनर होते. ती कलंडली, तीनेकशे कंटेनर पाण्यात पडले आणि टाक्यांतून अंदाजे ८०० टन तेल गेलं. तरंगते कंटेनर आणि तेल यांमुळे बंदरातली वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. तेल घारापुरी, उरण, अलिबागच्या बाजूला तिवरांत जाऊन बसलं.

हे तेल म्हणजे जहाजाचं जड इंधन, डांबराचा पातळ भाऊ. लाटांनी घुसळलं की त्यात पाणी शिरतं आणि तपकिरी लगदा होऊन आकारमान तिप्पट-चौपट वाढतं. पांढऱ्या फायबरच्या होडीला पाण्याच्या रेषेवर काळा पट्टा बसतो. दोर तेल पितात, ते फेकूनच द्यावे लागतात. पण खरी गोम इंजिनात आहे. बऱ्याच होड्यांचं इंजिन समुद्राचंच पाणी ओढून थंड होतं. गाळणीत हा लगदा अडकला की इंजिन तापलंच म्हणून समजा, तेही भर पाण्यात.

आता गंमत बघा. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा, पण मुंबईत शिडांचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात शिडाच्या होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवतात. म्हणजे ऑगस्टमध्ये हौशी मंडळींच्या बऱ्याच होड्या कोरड्या जमिनीवर! कॅलेंडरने वाचवलं त्यांना. कोळ्यांचं कॅलेंडर मात्र नेमकं उलटं. पावसाळी बंदी संपत आलेली, नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला. होड्या रंगवून तयार, आणि समोर तेल. त्यात मासे खाऊ नका अशा सूचना, म्हणजे गिऱ्हाईकही गेलं. माझ्या मते या अपघाताचा इतिहास टनांत मोजण्यापेक्षा असा मोजायला हवा.

होडी धुवायची कशी, हाही एक घोळच. साबण लावला की तेल सुटतं, पण जातं परत पाण्यातच. १९६७ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ 'टोरी कॅन्यन' हा टँकर फुटला, तेव्हा हजारो टन डिटर्जंट ओतलं होतं. कालवं-शिंपल्यांना तेलापेक्षा त्या डिटर्जंटनेच जास्त मारलं. म्हणून आधी पुसून काढायचं, चिंध्या वेगळ्या गोळा करायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण इलाज नाही.

आणि भरपाई? टँकरमधून वाहून नेलेल्या तेलाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार भारताने मानला होता. पण चित्रा टँकर नव्हती, सांडलं ते तिच्या स्वतःच्या इंजिनाचं इंधन. त्यासाठीचा वेगळा करार २००८ सालीच अमलात आला होता. २०१० साली भारत त्यात नव्हता. त्यामुळे जाळं किंवा होडी खराब झालेल्या माणसाला थेट जहाजाच्या विम्याकडे जाण्याची ती सरळ वाट तेव्हा बंदच होती.