स्वच्छ युद्ध आणि गोदीचा हिशेब

उद्याचे युद्ध म्हणे स्वच्छ असेल. वैमानिकावाचून विमान, दूर खोलीत बसलेला सैनिक, हाताला रक्त नाही. आम्हा शिवडीच्या कामगारांना या दूरच्या युद्धाची जुनी ओळख आहे.

१९४४च्या एप्रिलात लढाई कोहिमाकडे, मुंबईपासून शेकडो कोस दूर चालली होती. तेव्हा ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज शिवडीच्या दक्षिणेला व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्याही. धोक्याचे तांबडे निशाण मात्र वर नव्हते. १४ एप्रिलला दुपारी कापूस पेटला; ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटले, अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. शेकडो माणसे गेली. त्यांत ६६ बंबवाले होते. शत्रूचे एकही विमान आले नव्हते. सरकारने बातमी दाबली. जगाला ती प्रथम जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने सांगितली.

यंत्र कितीही शहाणे झाले तरी त्याचा दारूगोळा कोणीतरी उतरविणारच. युद्ध स्वच्छ होत नाही. त्याची घाण कोठे सांडली, एवढेच लपते. म्हणून आमचा प्रश्न एकच: माल उचलणाऱ्याला तो कसला आहे, हे कोणी सांगितले होते काय?